हिरव्या पानाचं पाणमांजर

साडूला 'अरे' म्हणता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फ्रिज दुरुस्त करणारा. पण नातंच असं अवघड, की तोंडाने 'अहो, या, बसा' म्हणायचं आणि मनात जे म्हणायचं ते म्हणायचं. मनात मी त्याला बरंच काही म्हणत असे.

त्याचा दोष काय, असं कुणी विचारलं तर सांगणं कठीण. दोष नव्हता, हाच दोष. सासूबाईंना गुडघ्याचा पट्टा कुठल्या मापाचा लागतो हे मला एकवीस वर्षांत कळलं नाही, त्याला पहिल्याच वर्षी ठाऊक. सासुरवाडीला तो गेला की खिडकीजवळची आरामखुर्ची आपोआप रिकामी होते. मी गेलो की म्हणतात, 'तो स्टूल ओढून घ्या.' आमचा फ्रिज बंद पडला तेव्हा अर्ध्या तासात चालू करून गेला, आणि पुढचे चार दिवस फ्रिज उघडला की बायको त्याचं नाव काढायची. घरात फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतात ते मला तेव्हा कळलं.

एवढं असूनही माझं बरं चाललं होतं, कारण एका बाबतीत तो माझ्या पासंगालाही पुरत नव्हता. ती बाब म्हणजे कार्डं.

एकशेवीस प्राण्यांच्या कार्डांचा एक खेळ होता. तो बंद पडून तेवीस वर्षं झाली. खेळणारे गेले, आम्ही जमवणारे राहिलो. त्यातलं एकेचाळीस नंबरचं कार्ड म्हणजे पाणमांजर. पाकिटातून निघणारं साधं पाणमांजर पैशाला पासरी मिळतं. पण खेळाचा दुसरा संच बाजारात आला तेव्हा कंपनीने जाहिरातीसाठी हेच चित्र वेगळं छापलं, कोपऱ्यात एक पान उठवून. सोनेरी पानाचं एका रविवारी खेळण्यांच्या दुकानांतून फुकट वाटलं. चंदेरी पानाचं फक्त दुकानदारांना दिलं. काही ताव छापताना उलटे लागले, त्यांच्यावर पान उलटं उठलं. आणि सगळ्यांत दुर्मीळ ते हिरव्या पानाचं. पहिल्या दिवशी पान उठवायचा सोनेरी वर्खाचा पत्राच आला नव्हता, म्हणून छापखान्याने थोडी कार्डं हिरव्या शाईत काढली. दुसऱ्या दिवशी पत्रा आला आणि कंपनीने सांगितलं, ती हिरवी रद्दीत टाका.

"एकाच मांजराचे चार फोटो," असं बायको म्हणते. तिला काय सांगणार.

हिरवं पान आमच्या जमवणाऱ्यांच्या मंडळात एकट्या माझ्याकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी गाव सोडून जाणाऱ्या एका जमवणाऱ्याने ते मला कडक प्लास्टिकच्या, पुढून पारदर्शक आणि मागून काळ्या सीलबंद डबीत दिलं, आणि बदल्यात मी माझे दोन अख्खे अल्बम त्याला दिले. हवा लागू नये म्हणून डबी मी कधी उघडली नाही. डबीवरून भिंग लावून पान पाहिलं, बारीक निळे-पिवळे ठिपके दिसले, आणि मंडळाच्या माहितीपुस्तिकेत मीच लिहिलं: 'हिरव्या पानाची खूण: पानात निळे-पिवळे ठिपके.' दुसरं कुणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे माझं कार्ड हेच माप झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. भिंग सदैव खिशात. म्हणून मंडळात खरं-खोटं ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. आम्ही रविवारी सकाळी औषधांच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. चौदा माणसं, आणि अध्यक्ष म्हणून गणिताचे निवृत्त मास्तर. पूर्वी एका नकली कार्डाने आमच्या तीन जणांना एकामागून एक गंडवलं, तेव्हा मी एक नियम करून घेतला. कार्ड नकली ठरलं की त्याला जागच्या जागी भोक पाडायचं, तेही कोपऱ्यात नाही, प्राण्याच्या चेहऱ्यातून, म्हणजे पुन्हा कुणी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. कार्ड मालकाने धरायचं आणि भोक पाडायचा पंच मी दाबायचा. नंतर कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. आजवर सत्तावन्न कार्डांना भोकं पडली. माझं एकही चुकलेलं नाही, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

आणि या माझ्या राज्यात आठ महिन्यांपूर्वी साडू शिरला. तो फ्रिजच दुरुस्त करायला आला होता, हात पुसता पुसता अल्बम पाहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, मलाही शिकवा ना." बायको समोर उभी. काय म्हणणार? शिकवलं.

त्या गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून थेट आमच्याकडे आला. शर्टाच्या खिशातून फ्रिजच्या रबराचं एक रिकामं पाकीट काढलं, त्यातून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"जरा बघता का? घाई नाही."

एकेचाळीस नंबर. कोपऱ्यात हिरवं पान.

"कुठून आणलंत?"

"एका बाईंचा फ्रिज होता. त्यांचे मिस्टर छापखान्यात कटिंग मशीनवर होते म्हणे, वारले आता. माझ्या हत्यारांच्या पेटीवर मी आपलं साधं पाणमांजर चिकटवलंय ना, ते पाहून त्या म्हणाल्या, हे मांजर आमच्याकडेही आहे. फोनच्या डायरीत खूण म्हणून घातलं होतं. म्हणाल्या, घेऊन जा."

घेऊन जा! मी दोन अल्बम दिले, त्यात माझी तारुण्यातली सगळी वर्षं होती. आणि याच्या हातावर डायरीतून काढून ठेवतात, खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून देतात तसं.

मी भिंग लावलं. पान सपाट हिरवं होतं, दाराला रंग द्यावा तसं. एकही ठिपका नाही. मी मनातल्या मनात अशी उडी मारली की काय सांगू. नकली! पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, ठिपके हवेत. माझा आनंद काडेपेटीतली काडी जळते तेवढा वेळ टिकला. मग सवयीने मी कार्डामागे टॉर्च धरली. उजेड आरपार आला नाही. या खेळाच्या खऱ्या कार्डांच्या कागदात मधोमध एक काळा थर असतो, तो उजेड अडवतो. कडेला ती काळी रेघ दिसतही होती. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. सोनेरी पान वेगळ्या ठशाने उठवायचे. पत्रा आला नाही म्हणून त्याच ठशाला हिरवी शाई लावली असणार. एका डब्यातली एकच शाई. तिच्यात निळे-पिवळे ठिपके येतील कुठून? ठिपके पडतात ते कुणी चित्राची नक्कल करून, निळा-पिवळा मिसळून हिरवा छापतो तेव्हा.

हा साधा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नव्हता. पडणार कसा? माझ्याकडे खरं होतं ना!

"खरं आहे का हो?" साडूने विचारलं. तो अजून उभाच होता.

"ठेवून जा. रविवारी मंडळात सांगतो."

तो कार्ड ठेवून गेला. साधं 'जपून ठेवा' असंही म्हणाला नाही. मी माझं कार्ड सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा तासभर ठेवलं नसतं.

शुक्रवार मी कसाबसा ढकलला. दुकानात एका गिऱ्हाइकाची डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला बसवली. शनिवारी सकाळी बायको अंघोळीला गेल्यावर डबी काढली, पातळ पात्याने कड उचकटली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं हिरवं पान हातात घेतलं. मागे टॉर्च धरली. अख्खं पाणमांजर मिशांसकट उजळलं. पलीकडचं माझं बोटसुद्धा दिसलं.

नकली. शंभर टक्के नकली. जगाची कार्डं मी टॉर्चवर धरली आणि घरचं तेवढं डबीत ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी फ्रेमला लावायच्या गोंदाने डबी परत चिकटवत होतो, तेवढ्यात बायको आली.

"काय चाललंय?"

"काही नाही. पुसतोय."

"त्यांचं कार्ड खरं निघालं का? बहिणीचा फोन होता. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नाही म्हणे. सारखं म्हणतात, साडूभाऊंनी शिकवलं म्हणून मला ते ओळखता तरी आलं." आणि मग ती हसून म्हणाली, "तुमचं नाव काढतात हो ते."

माझं नाव काढतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला त्याच्याकडून नाव काढून घ्यायचं नव्हतं. तो वाईट निघावा, एकदा तरी उर्मट बोलावा, म्हणजे मला हक्काने जळता येईल, एवढीच माझी अपेक्षा होती. तेवढंही तो देत नव्हता.

सांगायला हवं, हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणाचं कार्ड असतं तर सांगितलंही असतं. हसले असते लोक थोडे दिवस, 'स्वतःचं झाकून ठेवलं आणि आमची तपासली' म्हणाले असते, मी सोसलं असतं. पण साडूचं कार्ड खरं आणि माझं खोटं? सासुरवाडीच्या स्टुलावर बसून ही गोष्ट दर वेळी ऐकायची? तरी रविवारी औषधांच्या दुकानाचा जिना चढताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. हे मी खोटं सांगत नाही. सोळा पायऱ्या आहेत, सोळाव्या पायरीपर्यंत माझा विचार पक्का होता.

खोलीत शिरलो तर सगळे साडूभोवती. मी आलोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मास्तरांनी काचेच्या कपाटातलं वरचं फळकुट रिकामं करून ठेवलं होतं. तिथे अकरा वर्षं दर रविवारी माझी डबी एकटी असायची. ती मी आणायच्या आधीच तिच्यासाठी डावीकडची जागा केली होती आणि मधोमध एक छोटा स्टँड ठेवला होता. नवीन.

"या, या," मास्तर म्हणाले. "तुमच्या शिष्याने तर कमाल केली! आठ महिन्यांत! काही लोकांना वीस-वीस वर्षं घासावं लागतं, तेव्हा कुठे एक मिळतं."

सगळे हसले. साडू लाजून म्हणाला, "अजून त्यांनी सांगितलं कुठाय? ते म्हणतील ते खरं."

मी खुर्ची ओढली, त्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. भिंग काढलं, वाकलो, पाहण्याचं नाटक केलं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. शांत, जड, नेहमीसारखा.

"ठिपके नाहीत."

मास्तरांनी पुस्तिका उघडली, बोट ठेवून वाचलं. 'निळे-पिवळे ठिपके.' त्यांनी माझी डबी घेतली, भिंगातून पाहिली. ठिपके होतेच. मग साडूचं पाहिलं. नव्हते.

"टॉर्च लावलीत?" त्यांनी विचारलं.

"लावली. कागद बरोबर आहे. नकलीवाले हल्ली कागद चांगला वापरतात. पण पान फसलं."

हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. अकरा वर्षांची पत होती ना मागे. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत माझंच, भातही माझाच.

साडूचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडलेला पाहून मला बरं वाटेल. वाटलं. तेच वाईट.

"मग मारा भोक," तो म्हणाला. "नियम आहे."

"तसं... घाई काय आहे? न्या घरी, आठवण म्हणून राहू द्या," मी म्हणालो. आता निदान कार्ड तरी वाचावं, एवढी मला अक्कल आली होती.

"नाही नाही, साडूभाऊ. मी तुमच्या घरातला, म्हणून मला सूट दिली असं कुणी म्हणायला नको. तुमच्या शब्दाला बट्टा नको लागायला."

त्याने स्वतः मंडळाच्या पेटीतून पंच काढून माझ्या हातात दिला. कार्ड दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. पाणमांजर वर तोंड करून बघत होतं, ओल्या मिशा, काळे डोळे, आणि कोपऱ्यात ते सपाट, सुंदर, खरं हिरवं पान. हात थरथरले असं लिहिलं तर शोभेल, पण ते थरथरले नाहीत. रोज काचा घासणारे हात आहेत. मी दाबलं. कट् असा आवाज झाला आणि मांजराचा चेहरा टेबलावर पडला, शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्या कडेला ती काळी रेघ स्पष्ट दिसत होती. मी तो तुकडा तळहाताने ओढून खिशात टाकला.

मास्तरांनी नवीन स्टँड उचलून ठेवला आणि माझी डबी परत फळकुटाच्या मधोमध सरकवली. साडूने सगळ्यांना खालून चहा मागवला. "चला, अनुभव मिळाला," म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे मी फार गोड वागलो. सासऱ्यांकडे गेलो तेव्हा स्वतःहून स्टूल घेतला. बायको म्हणाली, बरं वाटतंय ना तुम्हाला? मनात मी म्हणत होतो, जाऊ दे, एक कार्ड गेलं. रद्दीत गेलेलंच होतं, एवढी वर्षं उशिरा गेलं. जगात आणखी कुठेतरी असतील. एखादं मलाही सापडेल आणि मी गुपचूप डबीतलं बदलीन, म्हणजे सगळं ठीक होईल.

चौथ्या रविवारी संध्याकाळी साडू घरी आला. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम उरकल्याचा आनंद. बायकोने चहा ठेवला.

"साडूभाऊ, त्या बाई आठवतात? फ्रिजवाल्या? त्यांचा फोन आला. मिस्टरांच्या ट्रंकेत आणखी तशीच कार्डं सापडली म्हणे. छापखान्यातून रद्दी म्हणून घरी आणलेली. म्हणाल्या, तुम्ही एवढं हौसेने नेलंत, ही पण घेऊन जा."

मी कप खाली ठेवला.

"आज सकाळी मंडळ सुटल्यावर गेलो. एकोणीस होती! रबर लावून, कागदात गुंडाळून, नवी कोरी. मी त्यांना सांगितलं, आजी, ही नकली आहेत, आमच्या साडूभाऊंनी तपासलंय. त्या बिचाऱ्या घाबरल्या. म्हणाल्या, आमचे हे असलं काही करणारे नव्हते. मी म्हटलं, त्यांचा दोष नाही, त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तुम्हीच शिकवलंय. मंडळातून पंच घेऊनच गेलो होतो. मालकाने धरायचं, म्हणून आजींनी धरली आणि मी दाबलं. दोघं बसून सगळी संपवली. एकही सोडलं नाही. हे घ्या, मंडळाकडे नोंद राहू दे."

त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. एकोणीस पाणमांजरं, एकालाही तोंड नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला काळी रेघ.

"कागद खरंच चांगला वापरलाय बघा, तुम्ही म्हणालात तसा," साडू म्हणाला. "आणि एक गंमत. आजींनी शेवटचं एक बाजूला काढलं होतं. म्हणाल्या, तुमच्या साडूंनी एवढ्या बारकाईने पाहिलं, एक त्यांना माझ्याकडून द्या, अख्खं, खोटं का असेना. मी म्हटलं, आजी, त्यांच्याकडे खरं आहे. त्यांना खोटं नेऊन देणं बरं दिसत नाही. मग तेही मारलं."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "किती धावपळ करता हो तुम्ही आमच्या यांच्यासाठी!"

"बरं केलंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

खरं सांगतो, लाज नंतर वाटली, आणि आता ती जन्मभर पुरेल एवढी आहे. पण त्या क्षणी आधी वाटला तो हेवाच. हा माणूस आज सकाळी अशा टेबलापाशी बसला होता, जिथे एकोणीस हिरवी पानं एकत्र मांडलेली होती, नवी कोरी. जगात आता तसं कुणालाच पाहायला मिळणार नव्हतं, मला तर नाहीच. तेही त्यालाच मिळालं.

"अख्खी असताना कशी दिसत होती हो?" मी विचारलं.

साडूने थोडा विचार केला.

"छान," तो म्हणाला. "तुमच्या पानापेक्षा जरा जास्तच हिरवी."